जुनी ब्रिटिश गाडी घरच्या घरी पुन्हा रस्त्यावर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिस मायनर, स्टँडर्ड हेरल्ड, लँडमास्टर, हिलमन, ऑस्टिन, एखादी एमजी. महाराष्ट्रात अजूनही वाड्यांच्या मागच्या अंगणात, बंगल्यांच्या पार्किंगमध्ये, शेतावरच्या शेडमध्ये या गाड्या उभ्या आहेत. त्या स्वतःच्या हाताने दुरुस्त करायला निघालेले लोक साधारण पुढचे प्रश्न विचारतात. उत्तरांत मॉरिस मायनरचं उदाहरण जास्त येईल, कारण नवशिक्याला गाडी शिकवायला तिच्याइतकी चांगली गाडी नाही असं माझं ठाम मत आहे. आणि आग्रह सगळीकडे एकच आहे: गाडी सगळी खोलून ठेवू नका, चालती ठेवून एकेक भाग दुरुस्त करा.

पहिली गाडी कोणती घ्यावी?

मायनर. ती १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली. आरेखन अ‍ॅलेक इसिगोनिस यांचं, ज्यांनी पुढे १९५९ ची मिनी घडवली. नमुना तयार झाल्यावर त्यांना गाडी अरुंद वाटली, म्हणून त्यांनी ती मधोमध उभी कापून दोन अर्ध्या भागांमध्ये चार इंचांचं अंतर ठेवायला लावलं. बॉनेटच्या मध्यावरून जाणारा तो सपाट पट्टा त्या चार इंचांचाच आहे. बंपर आधीच बनून तयार होते, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरला मध्ये जोडपट्टी दिसते. तुमच्यासमोर अशी गाडी आली तर तो जोड गुळगुळीत करून घालवू नका!

सुरुवातीचं इंजिन ९१८ सीसीचं, साइड व्हॉल्व्हचं होतं. ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र आल्यावर १९५२ मध्ये ८०३ सीसीचं ए-सिरीज इंजिन आलं, १९५६ मध्ये ९४८ आणि १९६२ मध्ये १०९८ सीसीचं. हेच घराणं मिनीतही असल्यामुळे सुटे भाग आजही नवे बनतात. एकूण सोळा लाखांहून जास्त मायनर बनल्या. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने हीच गाडी बेबी हिंदुस्तान म्हणून विकली.

दुसरी निवड हेरल्ड. ट्रायम्फने ती १९५९ मध्ये काढली, रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी दिलं आणि १९६१ पासून ती मद्रासमध्ये स्टँडर्ड नावाने बनली. तिला वेगळी चासी आहे आणि मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे उलटतं, त्यामुळे इंजिनाशेजारी चाकावर बसून निवांत काम करता येतं. लँडमास्टर किंवा जुनी अ‍ॅम्बेसडर घेतलीत तर फिटर शोधावा लागत नाही, कारण मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली अ‍ॅम्बेसडर २०१४ पर्यंत बनत होती.

जग्वार किंवा बेंटले पहिली गाडी म्हणून नको. त्यांच्या एकेका भागाच्या किमतीत मायनरचं अर्धं काम होतं.

गाडी बघायला गेल्यावर आधी काय बघायचं?

पत्रा. इंजिन सर्वांत शेवटी बघा. इंजिन कुठलाही चांगला लेथवाला उभं करून देतो, गंजलेला पत्रा मात्र महिने आणि पैसे दोन्ही खातो.

मायनरला वेगळी चासी नाही, तिचा पत्राच तिची चासी आहे. त्यामुळे गंज कुठे आहे यावर सगळं ठरतं. सोबत टॉर्च, लहान चुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि खाली अंथरायला जुनं पोतं न्या. पायाखालची मॅटिंग उचला. दरवाज्यांखालचा पोकळ भाग, ज्याला सिल म्हणतात, तो आतून आणि खालून दाबून पाहा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची पुढची टोकं जिथे बसतात तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचा. गाडीच्या पोटाखाली आडवी जाणारी क्रॉसमेंबर आणि तिची दोन्ही टोकं, पुढच्या बाजूचे पत्र्याचेच लांब हात, ज्यांना चासीचे हात म्हणतात, दरवाज्यांचे खालचे काठ आणि बिजागऱ्यांमागचा भाग हेही बघा. चुंबक चिकटत नसेल तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

दरवाजा उघडून हलका वर उचला. बिजागरी झिजली असेल तर दरवाजा खालीवर होतो, ते किरकोळ आहे. पण दरवाजा आणि मागचा खांब यांच्यातली फट वर एक आणि खाली दुसरी असेल तर गाडी मधून वाकली आहे. अशी गाडी फुकट मिळाली तरी पहिली म्हणून घेऊ नका.

कोकणातली गाडी असेल तर पत्रा दुप्पट काळजीने तपासा. खारी हवा पोकळ भागांत आतून काम करते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत सुंदर दिसतो. याउलट सोलापूर, मराठवाड्याकडच्या कोरड्या हवेतली धूळ खात पडलेली गाडी दिसायला भयाण असली तरी तिचा पत्रा बऱ्याचदा शाबूत निघतो. मी दर वेळी ही कोरड्या हवेतलीच घेईन. अडचण एकच, उन्हाने तिचं रबर आणि कुशन संपलेलं असतं. ते सगळं नवं करता येतं.

कागदपत्रांचं काय?

आरसी हातात नसेल तर पैसे देऊ नका. बहुतेक जुन्या गाड्या मूळ मालकाच्या नावावर असतात आणि तो हयात नसतो. अशा वेळी वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. जिवंत मालकाकडून घेताना फॉर्म २९ आणि ३०. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. इंजिन मधल्या काळात बदललं असेल आणि नोंद झाली नसेल तर ते काम व्यवहाराआधी विकणाऱ्याकडूनच करून घ्या.

ज्या खासगी गाडीची आरसी चालू आहे तिचं पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपयांत पाच वर्षांसाठी होतं. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते.

मात्र व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. म्हणून ज्यांना रविवारी सकाळी मुलांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं आहे त्यांनी साधी आरसी चालू असेल तर तीच जपावी. जुन्या बीएम किंवा एमआर अक्षरांचा नंबर असेल तर तो गाडीच्या इतिहासाचा भाग आहे, तो सोडू नये.

सगळी गाडी खोलून एकदाच नीट केली तर चांगलं नाही का?

नाही. घरी करताना नाही.

पूर्ण खोललेली गाडी जितकी जागा घेते तितकी घरात नसते. डबे भरतात, पावसात चिठ्ठ्यांवरची शाई पुसते, कुठला बोल्ट कुठला ते विसरतं, आणि मग बदली होते, लग्न निघतं, कुणी आजारी पडतं. पुढच्या पिढीला मिळतात ते फक्त डबे. बाजारात ‘काम अर्धं झालेली’ म्हणून विकायला येणाऱ्या गाड्या बहुतेक अशाच असतात आणि त्यांत काही ना काही हरवलेलं असतंच.

चालत्या गाडीवर काम करण्याचे फायदे फार आहेत. ब्रेक केले, गाडी चालवली, फरक कळला. मग सस्पेन्शन, मग वायरिंग. एका वेळी एकच गोष्ट बदलल्यामुळे नवा आवाज आला तर तो कुठून आला हेही समजतं. घरच्यांनाही गाडी चालताना दिसते आणि त्यांची साथ राहते, हे मी फार महत्त्वाचं मानतो.

अपवाद एकच: वजन पेलणारा पत्रा कुजला असेल तर आधी वेल्डिंग. तेव्हाही एका वेळी एकच बाजू, आणि कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडव्या-तिरक्या पट्ट्या तात्पुरत्या वेल्ड करून घ्या. सिल कापल्यावर मायनर मधून खाली बसते आणि मग दरवाजे कधीच नीट लागत नाहीत.

वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन कसं सुरू करायचं?

घाई न करता. सेल्फ लगेच मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा आणि दोनतीन दिवस तसंच ठेवा. मायनरला पुढून हँडल बसतं, त्याने इंजिन हळूच फिरवून पाहा. अडलं तर जोर लावू नका. टॉप गिअर टाकून गाडी हाताने थोडी मागेपुढे हलवा, पुन्हा ऑइल, पुन्हा थांबा. मोकळं झालं की जुनं ऑइल काढून नवं भरा, फिल्टर बदला, आणि प्लग न लावता सेल्फने फिरवून ऑइल प्रेशरचा लाल दिवा विझतो का ते पाहा. तो विझेपर्यंत प्लग लावायचे नाहीत.

टाकीतलं पेट्रोल वापरू नका. वर्षानुवर्षं पडलेल्या पेट्रोलचा चिकट थर होतो आणि टाकीचा गंज थेट कार्ब्युरेटरमध्ये येतो. पहिल्यांदा छोट्या कॅनमधून पेट्रोल द्या. एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पंप टिकटिक करत नसेल तर त्याचे पॉइंट चिकटलेले असतात. झाकण काढून बारीक कागदाने साफ केले की तो बहुधा चालू लागतो.

डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट ०.०१५ इंच, प्लग ०.०२५ इंच, व्हॉल्व्हची फट ०.०१२ इंच. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. हे आकडे ए-सिरीजचे आहेत, गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा.

माझे पाने नट-बोल्टांना नीट का बसत नाहीत?

कारण ते मिलिमीटरचे आहेत. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटरचा असतो. त्याला १३ चा पाना लागल्यासारखा वाटतो, जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडी. इंचाचा एक पूर्ण सेट हे पहिलं खरेदीचं काम.

त्यातही दोन जाती आहेत. १९५० च्या दशकापासूनच्या गाड्यांवर बहुतेक यूएनएफ जातीचे इंची आटे आणि त्यांना एएफ मापाचे पाने, ज्यांवरचा आकडा नटाच्या सपाट बाजूंमधलं अंतर असतो. त्याआधीच्या गाड्यांवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ हे जुने ब्रिटिश आटे, आणि त्यांच्या पान्यावरचा आकडा नटाच्या सपाट बाजूंमधलं अंतर सांगत नाही, बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. ल्युकास कंपनीच्या विजेच्या भागांत बीए मापाचे बारीक स्क्रू असतात. सर्वांत चकवणारी एमजीची टीसी आणि टीडी: तिच्या इंजिनाचे आटे मेट्रिक आणि नटाचं डोकं व्हिटवर्थ, कारण त्या इंजिनाची परंपरा फ्रान्सच्या हॉचकिस कारखान्याच्या यंत्रांशी जोडलेली आहे. तिथे जुना बोल्ट हरवू नका, तो फेकायचाच असेल तर नवा हातात आल्यावर फेका.

जुने इंची पाने पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात अजून मिळतात. जुना इंग्लिश पाना गंजलेला असला तरी घ्या, पोलाद उत्तम असतं.

बॅटरी उलटी लावली आहे असं वाटतं. चूक आहे का?

बहुधा नाही. मायनर कारखान्यातून पॉझिटिव्ह अर्थच बाहेर पडली, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला. मधल्या काळात एखाद्या वायरमनने ती पलटवलेली असू शकते, म्हणून बॅटरी लावण्याआधी आत काय आहे ते तपासा. मोबाइल चार्जर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायचं असेल तर निगेटिव्ह अर्थ करून घेणं सोयीचं. बॅटरीची टोकं पलटवायची, कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या आणि डायनॅमोची ध्रुवता बदलायची: एफ टर्मिनलची वायर काढून तिथे बॅटरीच्या लाइव्ह बाजूची तार क्षणभर टेकवतात. एवढंच. पण डायनॅमो आणि कटआउट चांगले असतील तर मी पॉझिटिव्ह अर्थ तसाच ठेवतो.

ल्युकासच्या वायरींचे रंग पाठ करा. तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट, पांढरी चावी लावल्यावर चालू, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून, निळी हेडलाइट, लाल साइडलाइट, काळी अर्थ. अर्ध्याहून जास्त तक्रारी काळ्या वायरीच्या असतात: दिवा मंद, इंडिकेटर मंद, सेल्फ उचलत नाही. नवा भाग घेण्याआधी अर्थचा स्क्रू काढा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, पुन्हा लावा.

आजचं पेट्रोल चालतं का?

चालतं, पण तयारी करावी लागते. दोन वेगळे मुद्दे आहेत.

पहिला शिशाचा. भारतात फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आहे. जुन्या बिडाच्या हेडमधली एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक शिशामुळे वाचत होती. आता ती हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह आत बसत जातो. खुणा म्हणजे व्हॉल्व्हची फट पुन्हा पुन्हा कमी होणं. हेड कधीतरी उतरेल तेव्हा लेथवाल्याकडून कडक पोलादाच्या सीट बसवून घ्या. केवळ त्यासाठी चांगलं हेड उतरवू नका, आरामात चालवणाऱ्याची वर्षं निघतात.

दुसरा आणि जास्त गंभीर, इथेनॉलचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते जुनं रबर फुगवतं, कॉर्कची पॅकिंग सोडवतं आणि हवेतला ओलावा ओढून टाकीच्या तळाशी पाणी जमवतं. मायनरमध्ये कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर बसतो. तिथे पाइप फुटला तर पेट्रोल तापलेल्या लोखंडावर पडतं. म्हणून पेट्रोलचा प्रत्येक रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि फ्लोटची पॅकिंग इथेनॉल सोसणाऱ्या रबराची करा. हे पहिल्या महिन्यात करा, रंगाच्या आधी. गाडीत अग्निशामक ठेवा, हात पोहोचेल असा.

ऑइल कुठलं?

इंजिनाला २०डब्ल्यू-५०. आधुनिक पातळ सिंथेटिक नको. मागच्या अ‍ॅक्सलला ९० नंबरचं गिअर ऑइल. एसयू कार्ब्युरेटरच्या वरच्या नळीतही थोडं पातळ इंजिन ऑइल असायला हवं, हे बरेच फिटर विसरतात आणि मग गाडी अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर अडखळते.

ब्रेक आणि पुढची चाकं घरी करता येतात का?

येतात, आणि सगळ्यांत आधी तेच करा.

मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासीच्या हातात दडलेला आहे. त्याचे बोल्ट बाहेर यायला टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारा पिळदार दांडा, आडवा येतो, म्हणून कामाला सबंध रविवार ठेवा. सिलिंडर आतून खड्डे पडलेला असेल तर लेथवर पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घ्या, मूळ ओतकाम वाचतं. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं. आपल्या पावसात ते दोन वर्षांनी बदलावंच. जुन्या ब्रेकशूच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ड्रम काढल्यावर हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

पुढच्या चाकाला धरून ठेवणारे ट्रनियन हा मायनरचा नाजूक भाग. ग्रीस मिळालं नाही तर आटे झिजतात आणि एक दिवस चाक आत मुडपतं. दर दीड हजार किलोमीटरला, चाक जमिनीवरून उचलून, नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन मारा. हेरल्डचा ट्रनियन मात्र ग्रीसवर नाही, गिअर ऑइलवर चालतो. तिथे ग्रीस भरलं तर तो आतून कोरडा राहतो आणि तुटतो.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. लोखंडी स्टँड, शिवाय काढलेलं चाक सिलखाली आडवं.

सुटे भाग कुठे मिळतात?

आधी इथे शोधा. मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ला, पुण्यात जुना बाजार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुने फिटर. त्यांच्या माळ्यावर डब्यात काय असतं ते कुठल्याही यादीत नसतं. बेअरिंग आणि ऑइल सील मापावर मिळतात, जुना भाग घेऊन दुकानात जा.

बाकीचं ब्रिटनमधून. तिथे या गाड्यांची वेगळी बाजारपेठच आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबी या एमजीच्या गाडीची अख्खी नवी बॉडी बनवतं. बाथच्या मॉरिस मायनर सेंटरने १९९० च्या दशकात श्रीलंकेत मायनरचे पत्रे बनवून घ्यायला सुरुवात केली होती. मागवताना भाडं आणि कस्टम धरून हिशेब करा, आणि चारपाच मालकांनी मिळून एकच खोका मागवा. क्रँक ग्राइंड करायचा असेल तर त्या मापाचे बेअरिंग आधी हातात घ्या, ग्राइंडिंग नंतर.

रंग घरी मारता येईल का?

घासणं, गंज काढणं, प्रायमर मारणं घरी होतं. शेवटचा टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, पॉलियुरेथेन रंग घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं आणि साधा मास्क त्याला अडवत नाही. ते काम बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या बूथवर द्या. पावसाळ्यात तर कुठेच देऊ नका.

मूळ रूप किती जपावं?

जितकं जमेल तितकं. झिजलेलं स्टिअरिंग, डॅशबोर्डवरचा ओरखडा, कुशनचं मूळ कापड हे एकदा गेलं की परत येत नाही. सुरक्षिततेसाठी केलेले बदल मला मान्य आहेत: सीटबेल्ट, चांगले टायर, मागे जास्त उजेडाचे दिवे. अलॉय चाकं आणि मारुतीचं इंजिन नको. गाडी मूळची कुठल्या रंगाची, कुठे पाठवलेली हे जाणायचं असेल तर इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे अनेक गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत. चासी नंबर देऊन शुल्क भरलं की ते प्रमाणपत्र पाठवतात.

आम्ही ब्रिटनमध्ये राहतो. तिथे सोपं आहे का?

खूपच. चाळीस वर्षांहून जुन्या, मोठा बदल न केलेल्या गाडीला मे २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही आणि रस्ताकरही माफ होतो, मात्र नोंदणी ऐतिहासिक वर्गात करून घ्यावी लागते. सक्ती नसली तरी तपासणी दर वर्षी करून घ्या. दुसऱ्या कुणीतरी गाडीखाली जाऊन पाहणं हे पैसे वसूल करणारं काम आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात तेव्हा गाडी बाहेर काढू नका. मायनर ट्रॅव्हलर घेत असाल तर मागची लाकडी चौकट शोभेची नाही, ती वजन पेलते. सांध्यांत काळपट ओल दिसली तर किंमत त्या हिशेबाने पाडा.

पावसाळ्यात गाडी कशी ठेवावी?

प्लास्टिकचा कागद टाकून बंद करू नका, आत वाफ धरते. छप्पर हवं, बाजू उघड्या असल्या तरी चालतील, वर सुती कापड. मे महिन्यात सिल आणि दरवाज्यांच्या आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागांसाठीचं मेण, मारून घ्या, दरवाज्यांच्या तळाची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा. खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. टाकी भरलेली ठेवावी की रिकामी? इथेनॉलच्या पेट्रोलवर मी रिकामी करून वाळवून ठेवतो. हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात, चाकांना लाकडी ठोकळे लावा. आणि टाकी रिकामी केली नसेल तर उघडीप मिळाली की पंधरा दिवसांतून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवून आणा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून बंद केली तर सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं, त्यापेक्षा सुरूच न केलेली बरी.